मासे आणि बेडूक एकाच टाकीत

घरातल्या काचेच्या टाकीत माशांबरोबर बेडूक ठेवता येतो, मात्र कुठलाही बेडूक नाही. डबक्यातल्या नाहीतर शेतातल्या बेडकाला बसायला कोरडी जागा लागते, खायला जिवंत किडे लागतात आणि तोंडात मावणारा मासा तो सोडत नाही. शिवाय भारतातल्या काही बेडकांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. टाकीत माशांशी जमवून घेतो तो आफ्रिकेतला बुटका बेडूक. शास्त्रीय नाव हायमेनोकायरस. नायजेरिया, कॅमेरूनपासून काँगोच्या खोऱ्यापर्यंतच्या जंगलांतले संथ, उथळ पाणी हे त्याचे मूळ घर. लांबी तीन-चार सेंटीमीटर, रंग तपकिरी, अंगावर गडद ठिपके. तो आयुष्यभर पाण्यातच राहतो, पण श्वास घेतो फुप्फुसांनी. त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने तीरासारखा वर येतो, हवा घेतो आणि पुन्हा तळ गाठतो.

फसगत होते ती खरेदीच्या वेळी. याचाच एक थोराड भाऊबंद, झेनोपस, लहान असताना अगदी असाच दिसतो आणि पुष्कळदा शेजारच्याच टाकीत विकायला असतो. दक्षिण आफ्रिकेतला हा बेडूक एकेकाळी वैद्यकशास्त्रात फार कामाचा होता. लान्सलॉट हॉगबेन यांनी 1930 च्या दशकात त्याच्यावर आधारलेली गर्भधारणेची चाचणी पुढे आणली. स्त्रीच्या लघवीचे इंजेक्शन मादीला दिले, की ती स्त्री गरोदर असल्यास बेडकाची मादी काही तासांत अंडी घालत असे. या चाचणीसाठी झेनोपस जगभर पाठवला गेला. त्याची मादी दहा सेंटीमीटरच्या पुढे वाढते, पंधरा वर्षांहून जास्त जगू शकते आणि टाकीतले छोटे मासे एकेक करून फस्त करते. ओळखायची खूण पुढच्या पायांत आहे. बुटक्या बेडकाच्या पुढच्या बोटांमध्येही पडदा असतो आणि डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. झेनोपसची पुढची बोटे सुटी असतात, डोळे डोक्यावर वर पाहणारे. पांढरा किंवा गुलाबीसर बेडूक दिसला तर तो जवळपास नक्कीच झेनोपस समजावा.

टाकी बेडकाच्या गरजेप्रमाणे लावावी आणि मासे त्याला जुळतील असे निवडावेत. उलटा क्रम धरला की बेडकाचे हाल ठरलेले. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी दोन-तीन बेडूक व सात-आठ छोट्या माशांना पुरते. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे 56 लिटर पाणी मावते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता पंचेचाळीसच्या आसपास उरते. उंच, अरुंद टाकी दिसायला छान, पण दर श्वासाला वर-खाली करणाऱ्या एवढ्याशा प्राण्याला ती दमवते. झाकण हवेच, आणि पाणी व झाकण यांत दोन-तीन इंचांची जागाही हवी. पंपाच्या नळीसाठी ठेवलेल्या फटीतून बेडूक बाहेर पडतो आणि काही तासांत वाळून मरतो. तळाशी बारीक वाळू किंवा त्याच्या तोंडात न मावणारे गुळगुळीत गोटे टाकावेत. मधल्या मापाची खडी तो घासाबरोबर गिळतो. पाण्याला जोराचा प्रवाह नको. हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर पुरे. लपायला फुटक्या कुंडीचा तुकडा चालतो, फक्त कडा घासून बोथट केलेल्या असाव्यात.

पाण्याचे तापमान 24 ते 27 अंश सेल्सिअस असावे. मुंबई-कोकणात वर्षाचा बहुतेक काळ ते आपोआप सांभाळले जाते. पुण्या-नाशिकच्या हिवाळी रात्रीत लहान हीटर लागतो. विदर्भातल्या मे महिन्यात प्रश्न उलटा होतो. तेव्हा टाकी घराच्या आतल्या भिंतीलगत हलवावी आणि झाकणाऐवजी जाळी बसवून पाण्यावर पंख्याचा वारा सोडावा.

टाकी भरल्या दिवशी प्राणी सोडू नयेत. विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून अमोनिया तयार होतो आणि तो मासे व बेडूक दोघांनाही विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचे बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू स्पंजवर आणि खडीवर वस्ती करतात, आणि वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकत राहावे. पुढे दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीनने ही सारी वस्ती मरते. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नगरपालिकेच्या पाण्यातले क्लोरीन बादली उघडी ठेवली तर दिवसभरात बरेच उडून जाते. शुद्धीकरणात क्लोरामाइन वापरले असेल तर ते असे उडत नाही. त्यासाठी क्लोरीन काढणारे औषध घालावे लागते.

सोबती म्हणून नियॉन टेट्रा, रासबोरा, तळाला वावरणारे छोटे कोरिडोरास योग्य. गप्पीही चालतात, पण त्यांची पिल्ले बेडकाच्या पोटात जातात. एंजल आणि ऑस्कर नकोत, टायगर बार्ब टोचे मारतो, गोल्डफिशला थंड पाणी मानवते. काच साफ ठेवतो म्हणून सगळ्यांच्या गळ्यात मारला जाणारा सकर मासा फूटभराच्या वर वाढतो. दोन फुटी टाकीत त्याला जागा नाही.

खरी कसोटी खाऊ घालण्यात आहे. बुटक्या बेडकाची नजर अधू असते. अन्नाचा पत्ता त्याला वासाने आणि पाण्यातल्या हालचालीने लागतो. अळी नाकापुढून जाते, तो क्षणभर स्तब्ध राहतो, मग झेप घेतो आणि पुष्कळदा चुकतो. त्याला जीभ नसते. तोंड एकदम उघडून पाण्याबरोबर घास आत ओढतो. एवढ्या वेळात माशांनी सगळे संपवलेले असते. मासे गुटगुटीत आणि बेडूक खंगलेला, हे चित्र अशा टाक्यांत नेहमीचे. त्यावर साधा उपाय आहे. आधी माशांना वर तरंगणारे खाद्य टाकावे. ते तिकडे गुंतले की गोठवलेले ब्लडवर्म किंवा डाफ्निया वितळवून लांब ड्रॉपरने थेट बेडकासमोर सोडावेत. रोज एकाच कोपऱ्यात, एकाच बशीत दिले तर थोड्या दिवसांत बेडूक तिथे येऊन थांबू लागतो. प्रौढाला दिवसाआड खाणे पुरते. माशांच्या दाण्यांवर तो जगत नाही. नाल्यातून काढलेले लाल किडे स्वस्त मिळतात, पण त्यांबरोबर घाण आणि रोगही येतात.

अधूनमधून बेडकाच्या अंगावरून पातळ कात सुटते आणि तो ती खाऊन टाकतो. हा आजार नव्हे. हातपाय पसरून पृष्ठभागावर निश्चल तरंगणे हाही त्याचा स्वभावच. अंग फुगणे, कातडीवर कापसासारखे पुंजके येणे आणि खाणे सोडणे ही मात्र दुखण्याची लक्षणे. माशांवर पांढरे ठिपके आले की टाकीत मीठ किंवा तांब्याचे औषध घालण्याची रीत आहे. बेडकाची त्वचा पातळ आणि पाझरणारी असल्याने हे उपचार त्याला घातक ठरू शकतात. आजारी मासा वेगळ्या बादलीत काढून तिथेच औषध द्यावे.

माणसांनीही जपायला हवे. अमेरिकेत 2008 पासूनच्या काही वर्षांत पसरलेल्या साल्मोनेलाच्या साथीचे मूळ याच पाळीव बुटक्या बेडकांत सापडले होते, आणि आजारी पडलेल्यांत लहान मुलेच जास्त होती. टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवावा आणि टाकीचे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नये.

नको झालेला प्राणी तळ्यात किंवा नदीत सोडून देणे सर्वांत वाईट. सोडून दिलेल्या झेनोपसने कॅलिफोर्निया, चिली आणि फ्रान्समध्ये बस्तान बसवले आहे. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात सकर मासे येतात. आफ्रिकी बेडकांच्या व्यापारातून कायट्रिड ही कातडीची बुरशी पसरल्याचाही संशय आहे. 1999 मध्ये शास्त्रीय नाव मिळालेल्या या बुरशीने जगभरच्या अनेक बेडूक जातींना ग्रासले आहे, आणि सह्याद्रीतल्या बेडकांवरही तिची नोंद झालेली आहे. म्हणून प्राणी ठेवायचा नसेल तर तो दुकानदाराला परत करावा किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा. टाकीतले पाणी संडासात ओतावे. जाळी, नळी आणि बादली दुसऱ्या टाकीसाठी वापरण्याआधी उन्हात कडक वाळवावीत. पूर्ण कोरडे पडले की ही बुरशी जगत नाही.