मुक्या रुग्णाचे देयक कोणी भरावे?

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या प्रशिक्षण वर्गात माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी लहान वाटेल. दुभती गुरे, शेतीची जनावरे, त्यांचे रोग व उपचार यांविषयी अशा वर्गांतून नेहमीच बोलले जाते. परंतु घरातील कुत्र्या-मांजरांच्या औषधपाण्याचा खर्च हा काय जाहीर व्याख्यानाचा विषय आहे, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे निरसन व्हावे म्हणून मी आपणांस मुंबईच्या परळ-लालबाग भागात नेणार आहे. कारण मुक्या प्राण्याच्या उपचाराचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न या शहराने दीडशेहून अधिक वर्षे हाताळला आहे.

१८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याची मोहीम पोलिसांनी हाती घेतली तेव्हा पारशी व इतर नागरिकांनी तिला कडवा विरोध केला आणि शहरात दंगा उसळला. त्या प्रक्षोभातून एक विधायक कार्य उभे राहिले. जमशेटजी जीजीभाई आणि शहरातील हिंदू व जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने १८३४ मध्ये गिरगावालगतच्या भुलेश्वर येथे पांजरपोळ स्थापन झाली. तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वतःहून लागा बसवून घेतला. म्हणजेच निराधार जनावराचा खर्च एकट्या धन्यावर वा एकट्या दात्यावर न टाकता तो सर्वांनी थोडा थोडा वाटून घेतला.

१८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली. त्याच वर्षी प्राण्यांना होणाऱ्या क्रूरतेस प्रतिबंध करणारी संस्थाही येथे निघाली. गिरण्या, गोदी आणि रस्ते यांचा सारा भार त्या काळी बैल व घोडे वाहत होते. जखमी जनावरांना उपचाराची सोय हवी होती. गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी आपल्या पत्नीच्या नावे उदार देणगी दिली आणि १८८० च्या दशकात परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले. १८८६ मध्ये त्याच आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रुग्णसेवा आणि शिक्षण यांची अशी सांगड देशात फार थोड्या ठिकाणी इतक्या लवकर घातली गेली.

आता काळ पालटला आहे. बैलगाड्या गेल्या, ट्रामचे घोडे गेले. परळच्या या रुग्णालयाच्या दारात आज जे येतात त्यांत कुत्री व मांजरे पुष्कळ असतात. गिरण्यांच्या जागी टोलेजंग इमारती आल्या. परंतु त्यांच्या सावलीत चाळीही आहेत. एकाच रांगेत विलायती जातीचा कुत्रा मोटारीतून आणणारे गृहस्थ बसलेले असतात आणि गोणपाटात गुंडाळलेले चाळीतील पिल्लू घेऊन आलेली माउलीही बसलेली असते. रोग दोघांचा एकच असतो, ऐपत मात्र निराळी. २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे टाटा न्यासांच्या वतीने लहान प्राण्यांसाठी सुमारे १६५ कोटी रुपये खर्चाचे अद्ययावत रुग्णालय सुरू झाले. उपचाराचे शास्त्र किती पुढे गेले आहे, याची त्यावरून कल्पना येते. शास्त्र पुढे गेले की उपचाराचा खर्चही वाढतो, हे ओघानेच आले.

हा खर्च इतका का वाटतो? याची कारणे समजून घेतली म्हणजे पशुवैद्यावर विनाकारण रोष राहत नाही. पहिले कारण असे की, माणसाच्या आजारात शासकीय रुग्णालये आणि जनआरोग्याच्या योजना खर्चाचा मोठा वाटा उचलतात, म्हणून उपचाराची खरी किंमत आपल्याला दिसतच नाही. पाळीव प्राण्याच्या बाबतीत ती पुरती दिसते. दुसरे म्हणजे, रक्ततपासणी, क्ष-किरण, भूल व शस्त्रक्रिया यांना लागणारी साधने बहुतांशी माणसाच्या उपचारासारखीच असतात. तिसरे, औषधाची मात्रा वजनावर ठरते; थोराड कुत्र्याला तेच औषध मांजराच्या कितीतरी पट लागते. आणि चौथे, सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे आपण उशिरा जातो. पार्व्हो हा पिल्लांचा आतड्यांचा रोग घ्या. त्यावरील लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून ठरावीक अंतराने दिली तर खर्च शेकड्यांत भागतो. तीच टाळून रोग जडला, तर दिवसेंदिवस सलाइन द्यावे लागते, खर्च हजारोंच्या घरात जातो आणि इतके करूनही पिल्लू वाचेलच असे नाही.

पैसे नसले म्हणजे काय घडते? कोणी घरातीलच गोळी देऊन पाहतो. आपल्याला साधी वाटणारी पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतते आणि आयबुप्रोफेनने कुत्र्याचे जठर व मूत्रपिंड निकामी होऊ शकते. कोणी उपचारच सोडून देतो. आणि कोणी ते आजारी जनावर रात्रीच्या अंधारात दूरच्या गल्लीत सोडून येतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे असे सोडून देणे हा गुन्हा आहे; परंतु कायद्याहून मोठी गोष्ट अशी की, धन्याने टाळलेला खर्च तेथे संपत नाही. तो समाजाच्या माथी येतो.

याचे ढळढळीत उदाहरण म्हणजे रेबीज. १८९९ पासून परळलाच असलेल्या हाफकिन संस्थेत श्वानदंशावरील लस अनेक वर्षे तयार होत असे. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांत तो कुत्र्यापासून येतो. कुत्र्याला तीन महिन्यांच्या वयात टोचायची आणि पुढे नियमित द्यायची लस काही शे रुपयांत मिळते. ती चुकली आणि एखाद्या मुलाला चावा बसला, तर त्या मुलास ०, ३, ७ व २८ व्या दिवशी लस घ्यावी लागते; जखम खोल असल्यास इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. शासकीय रुग्णालयांत हे विनामूल्य मिळते, याचा अर्थ ते फुकट असते असा नव्हे; त्याची किंमत सार्वजनिक तिजोरी देते. वस्तीतील निदान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असे तज्ज्ञ सांगतात. कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत हटविण्याचे उद्दिष्ट केंद्र शासनाने २०२१ मध्ये जाहीर केले आहे.

मग आपण काय करावे? पंचायत सदस्यांनी लक्षात घ्यावे की, २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी ठरविली आहे. त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी आणि गावातील पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साह्याने वर्षातून एकदा तरी सामुदायिक लसीकरण शिबिर भरवावे. एका बाटलीतील लस अनेकांत वाटली गेली की दर माणशी खर्च उतरतो. १९६२ या क्रमांकावरील फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पशुरोग नियंत्रणाच्या सुधारित कार्यक्रमास ३,८८० कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यात पशू औषधी या नावाने स्वस्त जेनेरिक औषधांसाठी ७५ कोटी रुपये ठेवले आहेत. तिचा रोख पशुधनावर असला तरी तिच्यामागील तत्त्व घरातील प्राण्यालाही लागू आहे: छापाचे नाव न विचारता मूळ औषधाचे नाव विचारावे आणि ते पशुवैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे.

शिक्षकांचे कार्य याहून मोलाचे आहे. चावा बसताच जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता दवाखाना गाठावा, हा एक धडा प्रत्येक वर्गात गिरविला गेला पाहिजे. पिल्लू घरी आणण्यापूर्वी त्याच्या अन्नाबरोबर वर्षाच्या लसींचाही हिशेब मांडावा, हे मुलांच्या तोंडून पालकांच्या कानी गेले, तर ते आमच्या अनेक पत्रकांहून परिणामकारक ठरेल.

भुलेश्वरच्या व्यापाऱ्यांनी मालावर लागा बसवून घेतला तेव्हा त्यांच्याजवळ लस नव्हती, आधुनिक औषधे नव्हती. मात्र भार वाटून घेतला तर तो पेलतो, एवढे व्यवहारज्ञान होते. आज आपल्याजवळ लस आहे, दवाखाने आहेत आणि नियमही आहेत. आपापल्या गावच्या पुढील सभेत लसीकरण शिबिराचा एक ठराव मांडाल, तर आजचा हा वर्ग सार्थकी लागला असे मी मानीन.