परसबाग स्पर्धा : खरी परीक्षा उन्हाळ्यात



कृष्णा व तारळी यांच्या संगमावर वसलेल्या या उंब्रज गावात परसबागेविषयी बोलताना संकोच वाटतो. ज्यांच्या पिढ्या मातीत राबल्या, त्यांना वेल कसा चढवावा हे मी काय सांगणार? म्हणून ग्रामपंचायतीने परसबागांची स्पर्धा कशी घ्यावी, एवढेच मी मांडणार आहे.

स्पर्धेचे सामर्थ्य महाराष्ट्राने अनुभवले आहे. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील हे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्याचे. गावेच्या गावे हाती झाडू घेऊन बाहेर पडली. पुढे २०२० मध्ये सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानात पंचतत्त्वांच्या आधारे गावांचे काम जोखले गेले. मात्र प्रत्येक स्पर्धेला एक धोका असतो. तपासणीपुरते सारे सजते आणि बक्षीस वाटले की उत्साह ओसरतो. स्वतः गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू घेत आणि रात्री कीर्तन करीत. कामाआधी समारंभ नाही, हा त्यातील धडा होय.

यासाठी माझी पहिली सूचना अशी, की तपासणी एकदा न करता तीनदा करावी. १ मेच्या ग्रामसभेत स्पर्धा जाहीर करावी व मृगाच्या सरींबरोबर लागवड व्हावी. श्रावणात सर्वांच्याच बागा हिरव्या असतात. त्यामुळे पहिली तपासणी सप्टेंबरमध्ये, दुसरी जानेवारीत आणि निर्णायक तपासणी एप्रिलमध्ये ठेवावी. शंभरपैकी चाळीस गुण या अखेरच्या फेरीला द्यावेत. सांडपाण्यावर केळी, अळू जगविणारे घर आणि नळाचे पिण्याचे पाणी बागेत सोडणारे घर यांना समान गुण मिळता कामा नयेत.

दुसरी सूचना न्यायाची आहे. एखाद्याकडे विहीर व ऐसपैस परस आहे, तर भूमिहीन मजुराच्या दारात दोन हात जागा. दोघांना एका रांगेत उभे केले, तर ज्याच्याजवळ आहे त्यालाच आपण आणखी देऊ. तेव्हा तीन गट करावेत : परस असलेली घरे, डबे-कुंड्यांत भाजी लावणारी घरे, आणि शाळा व अंगणवाड्या. पंचायत सदस्यांनी बागा जरूर कराव्यात. पण त्या स्पर्धेबाहेर ठेवाव्यात. परीक्षक शेजारच्या गावचे असावेत आणि त्यांत बचतगटातील एक भगिनी असावी. प्रत्येक घराचे गुण चावडीवर लावावेत. निकालाविषयी संशय राहिला, तर पुढच्या वर्षी कोणी भाग घेणार नाही.

शाळेच्या बागेचा प्रश्न वेगळा आहे. पोषण आहाराच्या खिचडीत मुलांनी स्वतः लावलेला शेवगा व मेथी पडावी, यासारखा आनंद नाही. परंतु सुट्टीत त्या रोपांना पाणी कोण घालणार? शाळा बंद होण्यापूर्वीच पालकांच्या पाळ्या ठरवून फळ्यावर लिहाव्यात.

बक्षीस म्हणून चषकाऐवजी खुरपे, झारी, चांगले बियाणे द्यावे. विजेत्याने आपल्या बागेतील बी पाच घरांना द्यावे, ही अट घालावी. पुढील १ मे रोजी बक्षीस वाटताना त्या पाच घरांची नावेही वाचली जावीत. मग स्पर्धा एका वर्षाची न राहता गावाची रीत होईल.