लावल्यास, असल्यास, झाल्यास

आजपासून ज्यांना लोक सर आणि मॅडम म्हणतील ते माझे शिक्षकमित्र,

दीक्षान्त समारंभात पाहुण्याने आकाशाकडे बोट दाखवावं असा रिवाज आहे. मी पाचवीच्या एका गणिताकडे दाखवणार आहे. ‘एका ओळीत ६ याप्रमाणे ९६ रोपे लावल्यास एकूण किती ओळी होतील?’

तुमच्यापैकी काही जण उद्या धारणी-चिखलदऱ्याकडच्या आश्रमशाळांत जाल. तिथला कोरकू मुलगा तुमच्याशी मराठीत बोलेल, चेंडू मागेल, तक्रार सांगेल, गंमत करेल. आठवडी बाजारात मोहफुलांचे किती पैसे झाले ते तो तोंडी सांगेल. पण या गणिताशी थबकेल. तुम्ही म्हणाल, याचा भागाकार कच्चा आहे. तोच प्रश्न ‘सहा-सहाच्या ओळी लावल्या तर किती ओळी होतील?’ असा विचारून बघा. पुष्कळदा अडवतो तो भागाकार नव्हे, ‘याप्रमाणे’ आणि ‘लावल्यास’. घरात, मैदानात, बाजारात हे शब्द कुणी वापरत नाही. लावल्यास, असल्यास, झाल्यास ही सगळी मंडळी फक्त पुस्तकात आणि सरकारी नोटिशीत राहतात.

जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने १९७९ साली हा भेद नीट मांडला. बोलण्यापुरती भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. परदेशातून कॅनडात आलेल्या मुलांच्या बाबतीत दिसलं ते असं, की नवी भाषा बोलायला साधारण दोन वर्षं पुरतात, पण तिच्यात अभ्यास करून वर्गातल्या इतर मुलांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. आपल्याकडे नेमकी यातच गल्लत होते. मूल फाडफाड बोलू लागलं की ‘याला मराठी येतं’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो, आणि पुढे ते मागे पडलं की ‘याला डोकं नाही’ असा दुसरा शेरा मारतो.

कोरकू मुलासाठी हे अंतर जास्तच लांब आहे. भिली आणि मराठी निदान एकाच भाषाकुळातल्या. गोंडी द्रविड कुळातली. कोरकू मात्र मुंडा गटाची, म्हणजे झारखंडकडच्या मुंडारी-संथाळीची नातलग, त्या गटाची पार पश्चिमेकडची शाखा. मराठीसारखं तो-ती-ते तिच्यात नाही. त्यामुळे ‘माझी पाय दुखते’ असं मूल म्हणालं तर ते निष्काळजीपणाने बोलत नसतं. टेबल नपुंसकलिंगी आणि खुर्ची स्त्रीलिंगी का, हे तुम्हाला तरी कुणाला समजावता येईल का?

धारणीच्या बाजारात त्याच्या कानावर हिंदी, शाळेत मराठी, आणि सेमी इंग्रजी आलं की विज्ञान इंग्रजीत. २०२५ साली पहिलीपासून हिंदी हवी की नको यावर महाराष्ट्र पेटला आणि सरकारला त्याबाबतचे दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. वाद रास्त होता. पण त्या गदारोळात, ज्याला मराठीच दुसरी-तिसरी भाषा आहे त्या मुलाचं नाव मला क्वचितच ऐकू आलं. वास्तविक प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं राज्यघटनेचं कलम ३५०-क १९५६ पासून सांगतंय. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ‘शक्य तेथवर’ अशी पळवाट ठेवून का होईना, तेच म्हणतो.

धोरण खाली उतरेल तेव्हा उतरेल, तास उद्याचा आहे. बाष्पीभवनाचा धडा घ्या. मुलांना हापशीजवळ न्या, फरशीवर पाणी सांडू द्या, ऊन लागू द्या. तासाभराने ते कुठे गेलं यावर त्यांना आपसात कोरकूत भांडू द्या. तुम्हाला कळत नसलं तरी बिघडत नाही, वर्गातली चार मोठी मुलं दुभाष्याचं काम आनंदाने करतात. मग मराठीत सांगायला लावा. एक म्हणेल, ‘पाणी गेला.’ ते वाक्य तसंच्या तसं फळ्यावर लिहा. त्याखाली, ‘उन्हाने पाणी वाळलं.’ त्याखाली, ‘उन्हामुळे पाण्याची वाफ झाली.’ आणि सर्वांत खाली पुस्तकातलं, ‘उष्णतेमुळे पाण्याचे बाष्पीभवन होते.’ पाणी करत होतं ते काम चौथ्या ओळीत एका जड नामात जाऊन बसलं. इतिहास असो, भूगोल असो, पुस्तकाची भाषा हेच करत असते. चारही ओळी एकाखाली एक दिसल्या की मुलाला वाट दिसते. आपण बहुधा थेट चौथी ओळ लिहितो आणि ‘पाठ करा’ म्हणतो.

हे काम मराठीच्या शिक्षकाचं आहे असं गणित-विज्ञानवाल्यांनी कृपा करून समजू नये. ‘परिमिती’ आणि ‘त्यापैकी’ हे शब्द मराठीच्या तासाला येत नाहीत, ते तुमच्याच तासाला येतात. आणि वर्धा-अमरावतीच्या शहरी शाळांत नोकरी मिळालेल्यांनी सुटलो म्हणून टाळ्या वाजवू नयेत. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलालाही ‘लावल्यास’ परकाच असतो. अभ्यासाची भाषा जन्माने कुणाचीच नसते. ज्यांच्या घरात संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं जातं त्यांना ती नकळत मिळते, बाकीच्यांना ती शाळेत मिळाली तरच मिळते.

डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच मुलांकडे घेऊन गेल्या, गुरं चारणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. भाषेच्या बाबतीत एवढीच वाकडी वाट करायची आहे, पहिल्या आठवड्यात मुलांकडून शंभरेक शब्द शिकून घ्यायचे. मिया, बारी, आफई, उफून, मोनोई हे कोरकू आकडे आजच जाता जाता घेऊन जा. तुम्ही अडखळलात की वर्ग खदखदून हसेल. हसू द्या.

त्या शब्दांची वही ठेवा, चुकलेली वाक्यं आणि मुलांनी सांगितलेल्या गोष्टीही त्यातच लिहा. तीनेक वर्षांत बदली होईल. चार्ज देताना वजनकाटा, तांदळाच्या गोणी, खिचडीची पातेली मोजून यादीवर सही करावी लागते. त्या यादीत एक ओळ वाढवा आणि ती वही नव्या शिक्षकाच्या ताब्यात देऊन त्याची पोचसही घ्या.