धर्माची गाय आणि तिचे दांत

"धर्माची गाय आणि दांत कां गे नाहीं" ही म्हण मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या ऐकूं येत आहे. दान म्हणून मिळालेल्या वस्तूंत खोड काढूं नये, एवढाच तिचा सरळ अर्थ. परंतु ही म्हण जेव्हां रूढ झाली, तेव्हां दानाची गाय एका घरीं जात असे आणि तिचें दूध एकच कुटुंब पीत असे. आजच्या जगांत अशी एक धर्माची गाय निर्माण झाली आहे कीं, तिचें दूध कोट्यवधि माणसें पितात आणि तिला चारा घालणारे मात्र पुष्कळदां हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. ही गाय म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. तिच्या दांतांवरून जो तंटा चालतो, तो आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रसंग चेंबूरचा कल्पावा. तेथील एका जुन्या गृहनिर्माण संस्थेचे मानद चिटणीस हे एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. संस्थेचा पत्रव्यवहार आणि सभांचीं इतिवृत्तें ते मराठींतच, स्वतःच्या हातानें, संगणकावर लिहितात. यंत्र जुनें, भाच्यानें त्यावर लिनक्स बसवून दिलेलें. वार्षिक सर्वसाधारण सभा दोन दिवसांवर आली असतांना यंत्रानें कांहीं नव्या आवृत्त्या उतरवून घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशीं 'पायऱ्या', 'कचऱ्याची' असल्या शब्दांतला अर्धा र मोडून पडला. चिटणीसांनीं भाच्याकडून पत्ता मिळविला आणि त्या पॅकेजाच्या सांभाळकर्त्यास पत्र धाडलें. असला निष्काळजीपणा चालतो तरी कसा, आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्ती कां होऊं नये, असा त्यांचा सवाल होता. उत्तर तिसऱ्या दिवशीं आलें. दोष खरा असावा. परंतु आवृत्ति कोणती, फॉन्ट कोणता, हें पत्रांत लिहिलेलें नाहीं. शिवाय हें काम नोकरी सांभाळून रात्रीं केलें जातें आणि त्याबद्दल कोणी छदामहि देत नाहीं, असा त्याचा आशय. चिटणीसांस तें उत्तर उद्धट वाटलें. सांभाळकर्त्यास मूळ पत्रच उद्धट वाटलें होतें. सभा मोडक्या अक्षरांतच पार पडली.

या दोघांत अपराधी कोण, हें ठरविण्यापूर्वीं हा सारा व्यवहार कसा चालतो तें पाहिलें पाहिजे. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर कोणासहि वापरतां, अभ्यासतां, बदलतां आणि वाटतां यावें, हें त्यांचें तत्त्व. इंग्रजींत 'फ्री' या एकाच शब्दांत मुक्त आणि मोफत असे दोन अर्थ नांदतात, आणि निम्मा गोंधळ तेथेंच जन्मतो. मराठींत हे दोन शब्द सुदैवानें वेगळे आहेत. मुक्त म्हणजे बंधन नसलेलें. मोफत म्हणजे दाम न पडणारें. देणाऱ्यानें जें दिलें तें प्रामुख्यानें स्वातंत्र्य होतें. घेणाऱ्यानें जें घेतलें तें बहुधा मोफतपण होतें. आणि देणाऱ्यानें परवान्यांत आरंभापासून स्पष्ट लिहून ठेवलें होतें कीं, या वस्तूची कोणतीहि हमी नाहीं. हें कलम कोणी वाचीत नाहीं, ही गोष्ट निराळी.

१९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं लिनक्स प्रसिद्ध केलें. १९९३ च्या ऑगस्टमध्यें इयन मर्डॉक या विद्यार्थ्यानें डेबियन या संस्थेचा पाया घातला. डेबियन स्वतः फारसे कार्यक्रम लिहीत नाहीं. इतरांनीं लिहिलेले कार्यक्रम गोळा करून ते एकमेकांशीं जुळवून वापरणाऱ्याच्या हातीं देते. शेतकरी धान्य पिकवितो. तें निवडून, पाखडून, तोलून, पुडी बांधणारा दुसरा असतो. आणि ती पुडी घरीं नेणारा तिसरा. सॉफ्टवेअरच्या जगांत त्या पुडीस पॅकेज म्हणतात. २०२३ च्या जूनमध्यें निघालेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तींत अशीं ६४ हजारांहून अधिक पॅकेजें होतीं, आणि तीं बांधणारे बहुतेक सर्व स्वयंसेवक होते.

चेंबूरच्या श्रोत्यांस ही गोष्ट परकी वाटावयास नको. चेंबूरला लागूनच मानखुर्द येथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेचें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तेथील अध्यापक नागार्जुन जी. यांनीं, २००१ सालीं स्थापन झालेल्या भारतीय फ्री सॉफ्टवेअर फौंडेशनचें अध्यक्षपद सांभाळलें. मुंबईंतच २००० च्या सुमारास इंडलिनक्स हा उपक्रम उभा राहिला आणि भारतीय भाषांतून लिनक्स वापरतां यावें म्हणून स्वयंसेवक कामास लागले. २००४ सालीं रेड हॅट कंपनीनें भारतीय लिप्यांसाठीं 'लोहित' हे फॉन्ट खुले केले. पुण्यांतील अभियंत्यांनीं त्यांची देखभाल केली.

या कामांत किती बारकावे असतात याची कल्पना सामान्य वाचकास नसते. मराठी ल आणि श यांचें वळण हिंदीच्या छापील वळणाहून वेगळें आहे. महाराष्ट्र शासनानें २००९ च्या निर्णयांत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मान्य केले. लिपि एक, सांकेतिक क्रमांक एक, आणि आकृति मात्र दोन! त्यासाठीं फॉन्टांत दोन्ही आकृति ठेवून मजकुराच्या भाषेवरून योग्य ती निवडण्याची सोय करावी लागते. 'पायऱ्या'मधला अर्धा र तर युनिकोडमध्यें दोन निरनिराळ्या रीतींनीं लिहितां येतो. डोळ्यांस दोन्ही सारखेच. परंतु यंत्रास ते दोन वेगळे शब्द. फॉन्ट करणारा, अक्षरें जुळविणारा, मजकूर लिहिण्याचा कार्यक्रम करणारा आणि या सर्वांचीं पॅकेजें बांधणारा, अशा चौघांपैकीं एकाचें पाऊल पुढेंमागें झालें कीं चिटणीसांचा र मोडतो; आणि शिव्या मात्र ज्याचा पत्ता प्रथम सांपडेल त्याला बसतात.

आतां पुडी बांधणाऱ्याचें नातें दोन्हीकडे कसें ताणलें जातें, याचीं दोन उदाहरणें पाहावीं. पडद्यास कुलूप लावणारा एक्सस्क्रीनसेव्हर हा कार्यक्रम जेमी झवीन्स्की यांनीं १९९२ पासून लिहिला आणि सांभाळला. डेबियनची स्थिर आवृत्ति सुमारें दोन वर्षांनीं निघते आणि मध्यंतरीं तींत शक्य तितके थोडे बदल होतात. कारण कार्यालयें आणि शाळा यांस नवलाईपेक्षां स्थैर्य अधिक हवें असतें. परिणाम असा झाला कीं, लेखकानें केव्हांच दुरुस्त केलेल्या दोषांच्या तक्रारी जुनी प्रत वापरणाऱ्यांकडून त्याच्याकडे येतच राहिल्या. त्यानें आपल्या कार्यक्रमांतच, ही प्रत फार जुनी झाली आहे, असा इशारा घातला. २०१६ सालीं तो इशारा डेबियन वापरणाऱ्यांच्या पडद्यावर झळकला आणि वाद पेटला. एक तर नवी आवृत्ति द्या, नाहीं तर माझा कार्यक्रम काढून टाका, असें लेखकाचें म्हणणें. स्थैर्य हें आमचें वचन आहे, असें डेबियनचें म्हणणें. दोघेंहि आपापल्या परीनें वापरणाऱ्याचेंच हित पाहत होते.

दुसरें उदाहरण अधिक गंभीर आहे, आणि तेथें चूक पुडी बांधणाऱ्याचीच होती. गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या ओपनएसएसएल या कार्यक्रमांतल्या दोन ओळी तपासणीच्या साधनास संशयास्पद वाटल्या, म्हणून २००६ सालीं डेबियनच्या सांभाळकर्त्यानें त्या निष्प्रभ केल्या. त्यानें मूळ लेखकांच्या मंडळींत विचारणाहि केली होती; परंतु प्रश्नाचें गांभीर्य कोणाच्याच नीट ध्यानीं आलें नाहीं. किल्लीचें यादृच्छिकपण त्या ओळींवरच अवलंबून होतें. २००८ च्या मे महिन्यांत दोष उघडकीस आला, तेव्हां दिसून आलें कीं, एकेका प्रकारच्या जवळजवळ ३२ हजारच निरनिराळ्या किल्ल्या निघूं शकत होत्या. कुलूप मोठें आणि किल्ल्यांचा जुडगा मोजका, अशी स्थिति! जगभर किल्ल्या बदलाव्या लागल्या. सद्भावनेनें केलेलें मोफत काम म्हणून त्याची झळ कमी लागली नाहीं. तेव्हां 'फुकट दिलें आहे, मुकाट्यानें घ्या' हें उत्तर पुरेसें नाहीं, हें सांभाळकर्त्यांनींहि मान्य केलें पाहिजे. विश्वास स्वीकारला कीं जबाबदारीचा कांहीं अंश आपोआप येतो.

परंतु जबाबदारीचें ओझें एकाच खांद्यावर किती टाकावें? त्याच ओपनएसएसएलमध्यें २०१४ च्या एप्रिलमध्यें हार्टब्लीड हा दोष प्रकट झाला. जगांतला केवढा तरी व्यापार ज्याच्या भरंवशावर चालत होता, त्या कार्यक्रमास तत्पूर्वीं वर्षाकाठीं सुमारें २,००० डॉलर देणग्या मिळत असत, हें तेव्हां लोकांस कळलें. आणि या कथेचा सर्वांत दारुण अध्याय २०२४ सालीं लिहिला गेला.

फाइली दाबून लहान करणारा एक्सझेड हा कार्यक्रम फिनलंडमधील लासे कॉलिन हे जवळजवळ एकट्यानें सांभाळीत होते. २०२२ च्या उन्हाळ्यांत त्यांच्यावर पत्रांचा मारा सुरू झाला. काम मंद चाललें आहे, सांभाळकर्त्यास रस उरलेला नाहीं, दुसरा माणूस नेमा, असा त्या पत्रांचा सूर. तक्रार करणाऱ्यांपैकीं एकाचें नांव जिगर कुमार असें होतें. हीं नांवें बनावट असावींत असें आतां सर्वसाधारणपणें मानलें जातें. आपलें मनःस्वास्थ्य बरेच दिवस बरें नाहीं आणि हें काम बिनपगारी छंदाचें आहे, असें कॉलिन यांनीं नम्रपणें कळविलें. तरी टोचणी थांबली नाहीं. जिया टान या नांवाचा एक साहाय्यक तत्परतेनें कामें करीत होता. अखेर त्याच्या हातीं अधिकार गेले. २०२४ च्या फेब्रुवारींत त्यानें काढलेल्या आवृत्तींत, दूरच्या यंत्रांत शिरण्याचें एक चोरदार लपविलेलें होतें. तेवढ्यानें भागलें नाहीं; नवी आवृत्ति लौकर घ्या, असा आग्रह डेबियनकडेहि दुसऱ्या एका नांवानें धरला गेला.

२९ मार्च २०२४ रोजीं आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानें तें चोरदार जगापुढें मांडलें. आपल्या यंत्रांत प्रवेश होण्यास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, एवढ्या क्षुल्लक गोष्टीवरून त्यानें छडा लावला. डेबियनच्या स्थिर आवृत्तींत तें पॅकेज अद्याप पोंचलें नव्हतें. ज्या संथपणाबद्दल डेबियनला वर्षानुवर्षें दूषणें मिळत आलीं, त्याच संथपणानें या वेळीं असंख्य यंत्रें वांचलीं.

या प्रकरणाचा बोध असा कीं, थकलेल्या स्वयंसेवकास घालून पाडून बोलणें हा केवळ असभ्यपणा नव्हे; त्याच्या आड घरफोड्या लपूं शकतो. चोरानें येथें नवें हत्यार घडविलें नाहीं. अधीर गिऱ्हाइकाची रोजची भाषा त्यानें उसनी घेतली, आणि ती इतकी परिचयाची होती कीं कोणास तिचा संशय आला नाहीं.

उपाय दोन्ही बाजूंनीं हवेत. डेबियनमध्यें एक चांगली चाल आहे. सांभाळकर्त्यास एखादें पॅकेज झेपेनासें झालें, तर तो तें उघडपणें 'अनाथ' म्हणून जाहीर करतो, आणि दुसरा कोणी तें दत्तक घेतो. मदतनीस हवा असेल तर तशी जाहीर मागणीहि करतां येते. सांभाळकर्ता दीर्घकाळ उत्तरच देत नसेल, तर दुसरा सदस्य पूर्वसूचना देऊन तातडीची दुरुस्ती करूं शकतो. आपल्याकडे दत्तक देणें म्हणजे नाकर्तेपणा मानीत नाहींत. वंश चालावा म्हणून विचारपूर्वक केलेली ती व्यवस्था आहे. 'मला आतां जमत नाहीं' असें वेळेवर म्हणणें हा सांभाळकर्त्याचा पहिला धर्म. नकार द्यावयाचा तो स्पष्ट आणि सौम्य द्यावा, हा दुसरा.

वापरणाऱ्याचा धर्महि अवघड नाहीं. तक्रार अवश्य करावी. दोष कळविणें ही सेवाच आहे. पण ती वैद्याकडे जाणाऱ्या समजूतदार रोग्याप्रमाणें करावी: काय केलें, काय व्हावयास हवें होतें, काय झालें, आणि यंत्रावर कोणती आवृत्ति आहे. मुदत घालूं नये. जमल्यास भाषांतराचीं चार वाक्यें तपासून द्यावीं, जमल्यास वर्षाकाठीं थोडी देणगी धाडावी. ज्या कंपन्या या दुधावर गबर होतात, त्यांनीं तर चाऱ्याचा खर्च उचललाच पाहिजे. तेथें धर्माचा प्रश्न नाहीं, हिशेबाचा आहे.

चेंबूरच्या चिटणीसांकडे पुन्हा वळावें. सभेनंतर दोन आठवड्यांनीं रात्रीं दहा वाजतां तिसऱ्या मजल्यावरील एका सभासदानें त्यांचें दार ठोठावलें. पाण्याचा पंप बंद पडला होता. असला निष्काळजीपणा चालतो तरी कसा, आणि सकाळपर्यंत दुरुस्ती कां होऊं नये, असा त्याचा सवाल होता. कोणता पंप, वरचा कीं खालचा, हें त्यानें सांगितलें नाहीं. चिटणीस सदरा चढवून, बॅटरी घेऊन जिना उतरले. चिटणीसपदास वेतन नाहीं, ही गोष्ट त्या सभासदाच्या लक्षांत नसावी. जिना उतरतां उतरतां त्यांना तें तिसऱ्या दिवशींचें उत्तर आठवलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं भाच्यास बोलावून आवृत्ति आणि फॉन्ट यांचीं नांवें विचारून घेतलीं, आणि त्या सांभाळकर्त्यास नवें पत्र लिहावयास बसले. या वेळीं आरंभ नमस्कारानें केला.