सांगाड्यावरचें इंजिन

जुनी जीप मोठ्या दुरुस्तीला निघाली, म्हणजे तिचे दोन भाग दोन वाटांनीं जातात. इंजिन लेथवाल्याकडे जातें, बॉडी पत्र्याचें काम करणाऱ्याकडे. दोन-तीन महिन्यांनीं दोन्ही परत येतात. बॉडी नव्या रंगानें झळकत असते. इंजिनाकडे पाहून मात्र बाहेरून कांहींच कळत नाहीं. मालकाचा जीव बॉडींत गुंतलेला असतो. ती एकदां चढली, कीं गाडी गाडीसारखी दिसूं लागेल आणि शेजारीपाजारी पाहावयास येतील, असें त्याला वाटतें. जुना मिस्त्री मात्र बॉडी लाकडी ठोकळ्यांवर ठेवून देतो आणि म्हणतो, "साहेब, अगोदर इंजिन ऐकूं, पत्रा कोठें पळून जात नाहीं." त्याच्या या म्हणण्यांत अर्थ काय, हें आज पाहावयाचें आहे.

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं जीप खालून पाहिली असेल, त्यांना तिची घडण ठाऊक आहे. १९४१ पासून अमेरिकेंत विलिस-ओव्हरलँड कंपनीनें युद्धासाठीं ही गाडी बांधली, आणि त्याच दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीनें मुंबईंत जीपची जुळणी सुरू केली. त्यामुळें महाराष्ट्रांत तिची ओळख जुनी आहे. खालीं पोलादी चासी. तिलाच इंजिन, गिअरपेटी, रेडिएटर आणि चाकें जोडलेलीं. वर पत्र्याची बॉडी, ती केवळ बोल्टांनीं बसविलेली. बॉडी उतरविली तरी खालची गाडी चालूं शकते. पुढें आलेल्या अँबॅसडरसारख्या मोटारींत बॉडी हाच सांगाडा असल्यानें ही सोय राहिली नाहीं. युद्धकाळच्या जीपचें इंजिन चार सिलिंडरांचें, १३४ घन इंचांचें आणि ६० अश्वशक्तीचें. त्याचे व्हॉल्व्ह वर नसून बाजूला, ब्लॉकमध्येंच असतात. असा जुना, न तडकलेला ब्लॉक आज शोधूनच काढावा लागतो. मालकाच्या उतावळेपणानें धोक्यांत येतें तें हें.

इंजिन बांधून झालें म्हणजे तें तयार झालें, ही समजूत अर्धीच खरी आहे. लेथवाला सिलिंडर बोअर करतो आणि त्यावर होनिंग करतो, म्हणजे आंतल्या भिंतीवर दगडानें तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा ओढतो. बोट फिरविलें तर त्या जाणवतात न जाणवतात. त्या रेघांच्या खांचांत तेल धरून राहतें, आणि त्यांच्या उंचवट्यांवर घासून पिस्टनच्या रिंगा सिलिंडरशीं जुळून येतात. यालाच कारखान्यांत रिंगा बसणें म्हणतात. जातें नव्यानें टांकविल्यावर पहिलें दळण कच देतें, म्हणून आधीं कांहीं हलकें दळून मग घरचें पीठ काढतात, हें ज्या घरांत जातें होतें त्या घरच्या बायकांना सांगावयास नको. फरक इतकाच, कीं जात्याची कच पिठांत जाते आणि इंजिनाची तेलांत.

आतां यांतील खरी मेख अशी आहे. रिंग सिलिंडरच्या भिंतीवर दाबली जाते, ती स्वतःच्या ताणानें थोडी आणि जळलेल्या वायूच्या दाबानें फार. वायू रिंगेच्या मागील खांचेंत शिरून तिला बाहेर ढकलतो. इंजिनावर ओझें असेल तरच हा दाब पुरेसा होतो. म्हणून नवें इंजिन तासन् तास मंद फिरत ठेवण्याची जी माया पुष्कळ मालक दाखवितात, ती मायाच घात करते. रिंगा नुसत्या सरकत राहतात, तेल वर चढून करपतें, त्याचा कांचेसारखा गुळगुळीत थर रेघांत भरतो, आणि मग रिंगा बसावयाच्या त्या बसतच नाहींत. गाडी निळा धूर सोडीत राहते, तेल पिऊं लागते, आणि इंजिन पुन्हा खोलून नवें होनिंग करण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. लाडानें मूल बिघडतें हें सर्वांस माहीत आहे. लोखंडही बिघडतें, हें थोड्यांस माहीत असतें.

मग हा सोपस्कार बॉडी चढविण्यापूर्वींच कां? कारण नव्या इंजिनाच्या खोडी पहिल्या तास-दोन तासांतच उघड्या पडतात, आणि त्या बहुधा अशा जागीं असतात, जेथें पुढें हात पोंचत नाहीं. क्रँकच्या मागील टोकाचें सील गळूं लागलें, तर तेल क्लचच्या घरांतून खालीं ठिबकतें. ब्लॉकच्या मागील बाजूची पाण्याची टोपी नीट बसली नसेल, तर पाणीही तेथूनच येतें. उघड्या चासीवर हें सारें डोळ्यांनीं दिसतें. गिअरपेटी मागें सारून क्लच उघडणें हें तेथें थोडक्या वेळाचें काम होतें. बॉडी चढल्यावर त्याच कामासाठीं सीट, तळाचा पत्रा आणि नाना तारा काढाव्या लागतात, आणि नव्या रंगावर पान्याचे ओरखडे उठतात ते निराळेच.

सोय असली तरी तयारी थोडी लागते. पेट्रोलची टाकी, घड्याळें आणि किल्ली हीं सर्व बॉडीबरोबर गेलेलीं असतात. म्हणून तेलाचा दाब आणि पाण्याची उष्णता दाखविणारीं दोन घड्याळें एका फळीवर ठोकावीं. बॅटरी लाकडी पेटींत घट्ट बांधावी. पेट्रोलचा डबा एक्झॉस्टपासून दूर, पक्का बसवावा. आग विझविण्याचें साधन हाताशीं हवें. काम उघड्या हवेंत करावें, कारण एक्झॉस्टचा विषारी वायू बंद खोलींत माणसाला नकळत मारतो. आणि पंखा समोर उघडा फिरत असतां धोतराचा सोगा किंवा गळ्यांतील उपरणें घेऊन कौतुकानें वांकून पाहणाऱ्यास प्रथम दूर उभें करावें.

प्लग काढून ठेवून सेल्फनें इंजिन फिरवावें, तें घड्याळांत तेलाचा दाब दिसेपर्यंत. तो दिसल्यावांचून प्लग लावूं नयेत. इंजिन सुरू झालें, कीं त्याला मंद सोडूं नये. मिनिटाला पंधराशें ते दोन हजार फेऱ्यांच्या मध्यें, किंचित् कमीजास्त करीत, वीस मिनिटें फिरूं द्यावें. कॅम आणि टॅपेट यांना तेल मिळतें तें पुष्कळसें फिरत्या क्रँकच्या शिंतोड्यांतून, आणि मंद गतींत शिंतोडे कमी उडतात. दाब पडला, पाणी उकळूं लागलें किंवा ठोक्याचा आवाज आला, तर तत्काळ बंद करावें. पाहुणे जमले आहेत म्हणून चालूं ठेवूं नये.

यानंतर ओझें. नुसत्या जागीं फिरण्यानें रिंगा बसत नाहींत, हें वर आलेंच आहे. तेव्हां खोक्याची बैठक चासीला बोल्टांनीं आवळून, ब्रेक तपासून, खाजगी आवारांत किंवा शेताच्या वाटेवर गाडी चालवावयाची. सार्वजनिक रस्त्यावर नव्हे. ही कांहीं नवलाची रीत नाहीं. एके काळीं ट्रकच्या उघड्या चासी कारखान्यापासून बॉडी बांधणाऱ्याच्या गांवापर्यंत शेंकडों मैल अशाच जात, आणि तोंडाला फडकें गुंडाळलेले त्यांचे चालक हमरस्त्यावर सर्वांनीं पाहिलेले आहेत. इंग्लंडांत दुसऱ्या महायुद्धापूर्वीं रोल्स-रॉइससुद्धां चासी तेवढी बांधून देई. बॉडी दुसरा कारागीर चढवी. जीपची चासी हलकी असल्यानें मागें वाळूचीं पोतीं बांधावीं, आणि जमल्यास चढ निवडावा. दुसऱ्या गिअरमध्यें अर्धा थ्रॉटल देऊन वेग वाढवावा, मग पाय काढून गाडी आपोआप मंदावूं द्यावी. पाय काढला म्हणजे सिलिंडरांत शोषण होतें, थोडें तेल वर येतें आणि घासून निघालेला कीस धुवून नेतें. असें दहा-पंधरा वेळां, मध्यें थंड होऊं देऊन.

मग तेल गरम असतांनाच काढावें. त्यांत रुपेरी झांक दिसली तर घाबरूं नये. ती घासलेल्या लोखंडाची असते. तांबूस पत्री किंवा चकाकणारे तुकडे निघाले, तर मात्र बेअरिंग पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट ठरलेल्या क्रमानें पुन्हा आवळावे.

एवढ्यानें इंजिन पुरतें मोकळें होतें असें नाहीं. पुढील आठशें किलोमीटर तरी फार वेगानें किंवा फार जड ओझ्यानें जाऊं नये. इंग्लंडांत पूर्वीं अशा मोटारींच्या मागें, 'इंजिन नवें आहे, कृपा करून पुढें जावें', अशा अर्थाची पाटी लावीत. पण तो भाग बॉडीसह होण्यासारखा आहे. तूर्त नवें तेल घालून, थोडा वेळ इंजिन चालवून, चासीखालीं एक स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळीं तो कोरडा निघाला, तर चार माणसें बोलावून बॉडी उचलावी.