रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झाल्या म्हणजे काय?

(मंडळाच्या आरोग्य जागृती कार्यक्रमातील भाषण)



आम्ही डॉक्टर नाही, बँकेतील साधे कारकून आहोत. पण रक्ताचा रिपोर्ट हाही आकड्यांचाच कागद असतो आणि तो नीट वाचता न आल्यामुळे घरेच्या घरे घाबरलेली आम्ही पाहिली आहेत. म्हणून हा विषय घेतला.

प्रथम एक गैरसमज दूर करू. डेंग्यूच्या साथीत "पेशी कमी झाल्या" असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा प्लेटलेट्सविषयी बोलत असतो. त्यांचे काम रक्त गोठविण्याचे. त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. पांढऱ्या पेशी वेगळ्या. त्या रोगजंतूंशी लढतात. प्रौढ माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात. डेंग्यूत दोन्ही कमी होऊ शकतात, म्हणून घोटाळा होतो.

दुसरी गोष्ट, नुसती बेरीज पाहू नये, खातेनिहाय तपशील पाहावा. पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार आहेत. त्यांपैकी न्यूट्रोफिल हे जिवाणूंशी लढणारे मुख्य सैनिक. समजा दोघांच्याही एकूण पेशी ३,२०० आहेत. एकाचे न्यूट्रोफिल ५० टक्के, म्हणजे १,६०० झाले. हे बहुधा काळजीचे नाही. दुसऱ्याचे २० टक्के, म्हणजे अवघे ६४०. त्याला जपले पाहिजे. १,५०० च्या खाली ते कमी समजतात आणि ५०० च्या खाली गेल्यास धोका मोठा असतो.

आता कारणे. या पेशी हाडांतील मज्जेत तयार होतात. तेथे उत्पादन घटते, किंवा पेशी लवकर नष्ट होतात, किंवा वाढलेल्या प्लीहेत अडकून पडतात. आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे विषाणूजन्य ताप. विषमज्वरातही त्या कमी होतात. आजार उतरला की बहुधा पूर्ववत होतात. बी-१२ किंवा फॉलिक अॅसिडची कमतरता, अति मद्यपान, ल्युपससारखे आजार आणि एचआयव्ही हीही कारणे आहेत. एचआयव्हीची चाचणी शासकीय रुग्णालयात मोफत होते. लाजेपायी ती टाळू नये. मज्जेचे गंभीर विकार व रक्ताचा कर्करोग ही कारणे त्या मानाने विरळ आहेत.

औषधांकडे आपले लक्ष कमी असते. कर्करोगावरील केमोथेरपी, थायरॉइडवरील कार्बिमाझोल, मानसिक आजारावरील क्लोझापीन आणि काही प्रतिजैविके यांनी पेशी घटू शकतात. विदर्भात आदिवासींत आणि आपल्या समाजातही सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांतील अनेकांना हायड्रॉक्सियुरिया दिले जाते. ते फार उपयोगी औषध आहे, परंतु त्याने पेशी कमी होऊ शकतात. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला रक्त तपासलेच पाहिजे. मजुरी बुडते म्हणून तारीख चुकवू नका आणि भीतीपोटी गोळी परस्पर बंदही करू नका.

मग करावे काय? एका रिपोर्टवरून निष्कर्ष काढू नये. डॉक्टर बहुधा काही दिवसांनी तपासणी पुन्हा करतात. जुने रिपोर्ट जपून ठेवावेत. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची नावे डॉक्टरांना सांगावीत, त्यात जडीबुटीही आली. पेशी वाढविण्याच्या नावाखाली महागडे टॉनिक घेऊन कर्ज करू नये. कारणावर उपचार झाले की पेशी सावरतात.

मात्र एक लक्षात ठेवा. केमोथेरपी चालू असताना, किंवा वर सांगितलेली औषधे घेताना ताप आला, थंडी वाजली, घसा फार दुखला वा तोंडात फोड आले, तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी रुग्णालय गाठा. पेशीच कमी असल्याने पू किंवा सूज दिसेलच असे नाही. ताप हीच एकमेव खूण असू शकते.

विद्यार्थी मित्रांनो, घरातील वडीलधाऱ्यांचा रिपोर्ट तुम्ही वाचू शकता. तो वाचा, न्यूट्रोफिलचा हिशेब करा आणि डॉक्टरांना प्रश्न विचारा. रोगाचे निदान डॉक्टरांनी करावे. पण प्रश्न विचारण्याइतके ज्ञान आपल्यापाशी असलेच पाहिजे.