टपावरचं ओझं

मी घाटघरातून बोलतेय. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जीवधन किल्ल्याजवळ आमचं गाव आहे. इथल्या बचत गटांच्या समन्वयाचं काम मी बघते. एरवी मी तुमच्याशी हप्ते, व्याज आणि बँकेची खाती यांवर बोलते. आजचा विषय जरा वेगळा आहे. गाडीच्या टपावर सामान कसं आणि किती लादायचं, हे आज बोलूया.

तुम्ही म्हणाल, हे ड्रायव्हरचं काम, आपला काय संबंध? मलाही तसंच वाटायचं. पण एका उन्हाळ्यात तो संबंध चांगलाच कळला.

आमच्याकडे हिरडा हे वर्षाचं मोठं पीक. रानात फिरून कोवळा हिरडा गोळा करायचा आणि अंगणात वाळवायचा. वाळून काळा पडला की झाला बाळहिरडा. तेलमिठाचा, मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च त्यातून निघतो. त्या वर्षी आम्ही ठरवलं, की एकेकटीने दारात विकायचा नाही. सगळ्यांचा माल एकत्र करून जुन्नरला न्यायचा. ओळखीतल्या एका भावाची जीप ठरवली. आत माणसं होती, म्हणून पोती टपावरच्या कॅरियरवर चढली. सहा पोती झाल्यावर तो म्हणाला, "ताई, आता पुरे." दोन पोती खाली राहिली होती. दुसऱ्या खेपेचं भाडं वाचावं म्हणून मीच म्हटलं, "अरे, जागा आहे की, टाक." त्याने टाकली.

चावंडजवळच्या एका वळणावर म्हैस आडवी आली. त्याने ब्रेक दाबला, दोर सरकला आणि वरची दोन पोती रस्त्यावर पडली. त्यातलं एक फुटलं आणि हिरडा कडेच्या ओहोळापर्यंत पसरला. मागून मोटारसायकलवर एक पोरगा येत होता. तो पोत्यापासून हातभर अंतरावर थांबला. तो हातभर नसता थांबला तर आज मी इथे बसून बोलत नसते, एवढंच सांगते.

नंतर तीन दिवस भांडण चाललं. फुटलेलं पोतं कोणाचं? पोती सगळी सारखी, कोणावरच खूण नाही. ड्रायव्हर म्हणे, ताईंनी टाकायला लावलं. बाया म्हणत, दोर त्याने बांधला. दोघांचंही खरं होतं. शेवटी नुकसान सगळ्यांनी वाटून घेतलं आणि माझी चूक मी बैठकीत कबूल केली. इतिवृत्तात तसं लिहिलेलंही आहे.

त्यानंतर मी विचारत सुटले. गॅरेजमधल्या मिस्त्रींना विचारलं. रविवारी नाणेघाटाकडे जाणारे पाहुणे टपावर सायकली, पेट्या लावून येतात. आपल्याकडे जेवायला थांबले की त्यांनाही विचारलं. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट वजनाची. गाडीचा टप दिसायला सपाट आणि मजबूत वाटतो, पण त्याला मर्यादा असते. ती गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात लिहिलेली असते. बऱ्याच कारना ती ५० ते ७५ किलो असते, काही मोठ्या गाड्यांना १०० किलो. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मॉडेल सांगून विचारता येतं. आता हिशेब आपल्या वहीसारखाच करायचा. समजा मर्यादा ७५ किलो आहे. टपावर जे दोन आडवे दांडे बसवतात त्यांचं वजन ५ किलो धरा, वरच्या फायबरच्या पेटीचं २० किलो. उरले ५०. म्हणजे सामान ५० किलोच. दांडे आणि पेटी मोजायची विसरली, तर तिथेच चूक होते. दुसरं असं, की दांड्यांना त्यांची स्वतःची मर्यादा असते, पेटीलाही असते. टप, दांडे आणि पेटी या तिन्हींत जो आकडा सगळ्यांत कमी, तोच आपला.

आणि आम्ही काय केलं होतं? ४० किलोची आठ पोती, म्हणजे ३२० किलो. कॅरियर पाइप जोडून बनवून घेतलेला. तो किती पेलतो हे ना ड्रायव्हरने विचारलं होतं, ना मी.

वजन वर गेलं की काय होतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. डोक्यावर एक हंडा असताना आपण झपाझप चालतो. हंड्यावर हंडा चढवला की वळताना आपोआप पाय जपून पडतो. गाडीचंही तेच आहे. ओझं जितकं उंच, तितकी ती वळणावर कलंडायला सोपी, आणि ब्रेक लागायलाही वेळ जास्त. म्हणून जड सामान नेहमी गाडीच्या आत, खाली. टपावर हलकं आणि जागा खाणारं सामान ठेवायचं: गाद्या, रिकाम्या पाट्या, टोपल्या.

दुसरी गोष्ट बैठकीची. घागर डोक्यावर घेताना आपण चुंबळ ठेवतो. दांड्याच्या पायाखाली तसंच रबर असतं. ते धुळीने माखलेलं, फाटलेलं असेल तर पाय सरकतो आणि टपाचा रंगही जातो. जुन्या गाड्यांच्या टपाला कडेने पन्हळ असते, पाय त्यात अडकवतात. काही गाड्यांना टपावर लांबीने रूळ असतात, दांडे त्यांना आवळतात. ज्यांना दोन्ही नाही, तिथे दरवाजाच्या चौकटीत आकडा धरतात. प्रत्येक गाडीचे पाय वेगळे. एकीचे काढून दुसरीला लावू नयेत. स्क्रू एका बाजूचा पूर्ण, मग दुसऱ्या बाजूचा, असं करायचं नाही. थोडा इकडचा, थोडा तिकडचा, असं समान आवळत जायचं. मग दांडा दोन्ही हातांनी धरून हलवायचा. गाडी हलली पाहिजे, दांडा नाही. पंधरावीस किलोमीटर गेल्यावर थांबून स्क्रू परत बघायचे, कारण नवं बसवलेलं पहिल्या हादऱ्यांत थोडं बसतं आणि सैल होतं.

तिसरी गोष्ट मांडणीची. आमच्या नाणेघाटातून सातवाहनांच्या काळापासून माल चढत-उतरत आलाय. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण अजून आहे. त्या वाटेने बैलांच्या पाठीवर गोण्या जायच्या. गोणी दोन्ही बाजूंना सारखी नसली तर बैल चालत नाही, अडतो. गाडी बिचारी अडत नाही, ती चालत राहते आणि वळणावर दाखवते. म्हणून जड सामान दोन दांड्यांच्या मधे आणि डावी-उजवीकडे समान ठेवायचं. सामान गाडीच्या बाजूंच्या बाहेर जाता कामा नये. तसं बाहेर काढून माल नेला तर मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपयांचा दंड आहे. एवढ्यात आपला हिरड्याचा नफा कुठे राहतो?

चौथी गोष्ट बांधणीची. ओझं फक्त आडवं बांधून चालत नाही. आडवा दोर त्याला दोन बाजूंना जाऊ देत नाही, पण ब्रेक लागला की ते पुढे जातं आणि गाडी उचलली की मागे. म्हणून पुढून एक आणि मागून एक, असे आणखी दोन दोर लागतात. आमचा नेमका मागचा दोर नव्हता. नायलॉनचा दोर ताण आला की लांबतो, म्हणून वाटेत तपासावा लागतो. खटक्याने आवळायचा रुंद पट्टा मिळतो, तो जास्त बरा. हुकांची लवचीक दोरी ताडपत्रीपुरतीच, पोत्यासाठी नाही. गाठ मारायची ती निरगाठ. सुरगाठ झबल्याच्या बंदाला. पट्टा वाऱ्यात भणभणत असेल तर त्याला एक पीळ द्या, आवाज थांबतो.

ताडपत्री घातली तर तिचं एकही टोक फडफडत ठेवू नका. नाणेघाटात पावसाळ्यात वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो, ते बघायला पुण्या-मुंबईहून लोक येतात. जो वारा पाणी उलटं नेतो, तो आपली ताडपत्री सोडेल का?

पाचवी गोष्ट, ज्यांच्या घरी पाहुणे उतरतात त्यांच्यासाठी. टपावरची बंद पेटी चांगली. कुलूप लागतं आणि पावसाचं पाणी सहसा आत जात नाही. पण रिकामी मोठी पेटी बघून ती भरायचा मोह होतो, आणि वजनाची मर्यादा जागेपेक्षा आधी संपते. पेटी बसवल्यावर डिकीचा दरवाजा उघडून बघायचा, तो पेटीला आपटतो का ते. सायकल असेल तर चाकांचे दोन्ही पट्टे आणि सांगाड्याची पकड, तिन्ही घट्ट. पाण्याची बाटली, पंप, पिशवी काढून आत ठेवायची. सायकल लावलेली गाडी एरवीपेक्षा मीटरभर उंच होते. पाहुण्यांच्या ते लक्षात राहत नाही. आपल्या अंगणात जांभळाची फांदी खाली आली असेल, विजेची तार लोंबत असेल, तर गाडी आत घ्यायच्या आधी आपण हात करायचा. काम झालं की दांडे उतरवून ठेवावेत. ते वारा अडवतात आणि डिझेल जास्त जळतं.

सहावी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. टपावर माणूस बसवायचा नाही. लग्नाला, जत्रेला आपण पोरांना वर चढू देतो. पोरं हसतात, आपणही हसतो. कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे टपावर बसून प्रवास करायला मनाई आहे. पण कायदा बाजूला ठेवा. पोत्याला दोर तरी असतो. पोराला काय असतं?

आता आमच्या गटाने काय ठरवलं, ते सांगते. प्रत्येक पोतं वजन करूनच बांधायचं आणि त्यावर शाईने नाव घालायचं. गाडी ठरवताना भाड्याबरोबर टपाची मर्यादा विचारायची आणि वहीत लिहायची. माल चढल्यावर गटातली एक बाई गाडीभोवती फेरी मारून चारही बाजूंचे दोर हाताने ओढून बघते. आणि ड्रायव्हर "पुरे" म्हणाला, की पुरे. दुसऱ्या खेपेचं भाडं सगळ्यांनी वाटून घ्यायचं. पहिल्या वर्षी ते भाडं जड वाटलं. पण माणशी वाटलं तेव्हा ते त्या फुटलेल्या पोत्याच्या नुकसानीपेक्षा कमीच निघालं.

तायांनो, गाडी चालवणारा बहुतेक वेळा पुरुष असतो आणि दोर ओढणारेही तेच. तिथे जाऊन बोलायला आपल्याला संकोच वाटतो. पण माल आपला आहे. रानातून तो आपण डोक्यावर आणलाय. किती ओझं कुठपर्यंत पेलतं, हे आपल्या मानेला माहीत आहे. मग गाडीजवळ उभं राहून "भाऊ, टपावर किती किलो चालतं?" एवढं विचारायला काय हरकत आहे? मी तेव्हा हे विचारलं नव्हतं. तुम्ही या हंगामात विचारा.